सांध्यातील स्फटिक आणि हाडांचे आरोग्य

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, मनोगते असतात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो. त्यांच्या सोबतीने आरोग्यविषयक एक लेख असावा, असे आम्हांला वाटले. त्याला कारणही तसेच आहे. या वसतिगृहातून सुरुवातीच्या तुकड्यांत बाहेर पडलेले विद्यार्थी आता पन्नाशी-साठीच्या घरात आले आहेत आणि त्यांचे आईवडील सत्तरी-ऐंशीकडे झुकले आहेत. माजी विद्यार्थी एकत्र जमले की नोकरी, मुलांची लग्ने आणि गावाकडचे घर या विषयांबरोबर गुडघे, टाचा आणि 'युरिक ॲसिड' हेही विषय हमखास निघतात. आमच्यापैकी जे वैद्यकीय क्षेत्रात काम करतात, त्यांच्यापुढे रक्ततपासणीचे कागद धरले जातात आणि पाठोपाठ प्रश्न येतात. डाळ बंद करायची का? दूध चालेल का? कॅल्शियमची गोळी घेतली तर ती सांध्यात जाऊन साचेल का? गावातल्या औषधाच्या पुडीने तासाभरात बरे वाटते, मग ती चालू ठेवायला काय हरकत आहे?

हे प्रश्न वरवर निरनिराळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. सांध्याचे दुखणे ही एक गोष्ट आणि हाडांची मजबुती ही दुसरी, असे आपण धरून चालतो. स्फटिकांमुळे होणाऱ्या संधिवातात, विशेषतः गाऊटमध्ये, ही विभागणी टिकत नाही. येथे दुखणे सांध्यात जाणवते, पण झीज हाडाचीही होत असते. आणि दुखणे थांबविण्यासाठी आपण जे उपाय करतो, त्यांपैकी काही उपाय तर थेट हाडांवरच उलटतात. हा संबंध शक्य तितक्या सोप्या भाषेत उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुना आजार, जुनी नावे

हा आजार आजचा नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातशोणित किंवा वातरक्त या नावाने एका विकाराचे सविस्तर वर्णन आहे. हातापायांच्या सांध्यांपासून सुरू होणाऱ्या या विकाराला तेथे 'आढ्यवात' असेही एक नाव दिलेले आहे. आढ्य म्हणजे धनवान. युरोपातही गाऊटला दीर्घकाळ राजेरजवाड्यांचा रोग समजले जात असे. बौद्ध वाङ्मयात विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खंधकात पिलिंदवच्छ स्थविरांच्या वातविकाराची हकीकत येते. तेथे 'पब्बवात', म्हणजे पेऱ्यांचा किंवा सांध्यांचा वात, याचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि भगवान बुद्धांनी त्यावर त्या काळी प्रचलित असलेल्या उपचारांना अनुमती दिल्याचे नमूद आहे. हे सारे जुने वात म्हणजे आजचा गाऊटच होय, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र सांधेदुखी मुकाट्याने सोसत राहण्यात काही पुण्य नाही, तिच्यावर उपचार करून घ्यावेत, ही दृष्टी आपल्या परंपरेत जुनीच आहे.

या रोगाचे खरे कारण सापडायला फार काळ जावा लागला. १६७९ साली हॉलंडमधील लेवेनहूक यांनी एका रुग्णाच्या गाठीतून निघालेला खडूसारखा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात सुईसारखे बारीक कण असल्याचे लिहून ठेवले. १८४८ मध्ये लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते, हे दाखवून दिले. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी सुजलेल्या सांध्यातील द्रव ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून युरेटचे स्फटिक ओळखण्याची पद्धत घालून दिली. आजही गाऊटचे सर्वांत खात्रीचे निदान याच पद्धतीने होते.

स्फटिक तयार होतात कसे

आपल्या पेशी सतत झिजतात आणि नव्याने घडतात. या घडामोडीत प्यूरिन नावाच्या द्रव्यांचे विघटन होऊन युरिक ॲसिड तयार होते. त्याचा थोडा भाग आहारातून येतो, पण बराच भाग शरीर स्वतःच निर्माण करते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिडचे पुढे विघटन करणारे एक विकर असते. माणसाने आणि त्याच्या जवळच्या वानरांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले. त्यामुळे आपल्याला युरिक ॲसिड बाहेर टाकूनच द्यावे लागते. त्यातील सुमारे दोनतृतीयांश भाग मूत्रपिंडांतून आणि उरलेला आतड्यांतून जातो.

रक्तात युरिक ॲसिड किती विरघळू शकते, याला मर्यादा आहे. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला ही मर्यादा दर डेसीलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम इतकी असते. पाकात साखर जास्त झाली आणि पाक निवला की तळाशी खडे धरतात. येथेही तसेच घडते. प्रमाण मर्यादेपलीकडे गेले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले, की सोडियम युरेटचे स्फटिक सांध्यांत बसू लागतात. पाऊल हा शरीराचा तुलनेने थंड भाग असल्यामुळे पहिला झटका पुष्कळदा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येतो. मध्यरात्री किंवा पहाटे ठणका सुरू होतो, सांधा लालबुंद होतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. आठ-पंधरा दिवसांत हे सारे आपोआप ओसरते. रुग्णाला वाटते, आजार गेला.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली अशी, की रक्तात युरिक ॲसिड जास्त असणाऱ्या प्रत्येकाला गाऊट होत नाही. कसलाही त्रास नसताना केवळ तपासणीतला आकडा वाढलेला दिसला, म्हणून सहसा औषध सुरू करीत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून तपासणी केली, आकडा ७.२ आला आणि 'तुम्हांला युरिक ॲसिड आहे' असे ऐकून घरी आलेल्या कित्येक स्त्रियांना प्रत्यक्षात गुडघ्याच्या कूर्चेची वयोमानानुसार होणारी झीज असते. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. ऐन झटक्याच्या वेळी रक्तातील प्रमाण तात्पुरते उतरलेले असू शकते. म्हणून त्या दिवशीची तपासणी चांगली आली, एवढ्यावरून गाऊट नाही असे ठरविता येत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

हाड पोखरले जाते ते कसे

आता मूळ विषयाकडे येऊ. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नाही. तिच्यात जुना भाग काढून टाकणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग घडविणाऱ्याही असतात. त्यांना अनुक्रमे अस्थिभक्षक आणि अस्थिनिर्मात्या पेशी म्हणता येईल. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी अशा रीतीने नव्याने घडतो. मोडणे आणि बांधणे समतोल असेपर्यंत हाड सुदृढ राहते.

युरेटचे स्फटिक हा समतोल बिघडवितात. कालांतराने हे स्फटिक एकत्र येऊन त्यांच्या गाठी बनतात. या गाठी कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांच्या सांध्यांवर बाहेरून दिसतात, पण तशाच गाठी आत हाडाला चिकटूनही वाढत असतात. गाठ आणि हाड जेथे एकमेकांना भिडतात, तेथे अस्थिभक्षक पेशींची दाटी होते, कारण स्फटिकांमुळे चिडलेल्या पेशी त्यांना चेतना देणारी द्रव्ये स्रवत राहतात. दुसरीकडे अस्थिनिर्मात्या पेशी याच स्फटिकांच्या सान्निध्यात दुबळ्या होतात आणि मरतात, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखविले आहे. अशा प्रकारे एकाच जागी मोडणारे हात वाढतात आणि बांधणारे हात कमी होतात. परिणामी हाडाला खड्डा पडतो. क्ष-किरण चित्रात तो कडेने कुरतडल्यासारखा गोल दिसतो आणि त्याच्या काठावर हाडाची पातळ कड पुढे आलेली असते. ही खूण गाऊटची म्हणून ओळखली जाते.

ही झीज झटका येतो तेवढ्याच दिवसांत होते, असे नाही. दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही सांध्यात स्फटिक असतातच आणि मंद दाह चालू असतो. रुग्ण हसत-खेळत कामावर जात असतो आणि आत हाड कणाकणाने पोखरले जात असते. साध्या क्ष-किरण चित्रात हे खड्डे दिसू लागायला कित्येक वर्षे लागतात. सोनोग्राफीत आणि विशिष्ट प्रकारच्या सीटी स्कॅनमध्ये स्फटिकांचे थर त्याआधी दिसू शकतात. आमच्या मते या आजारात सर्वसामान्य माणसाने लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: ठणका थांबला म्हणजे आजार थांबला, असे नव्हे.

हे खड्डे भरून येतात का, असा प्रश्न साहजिक आहे. हाडांच्या ठिसूळपणावर दिले जाणारे झोलेड्रोनेट हे औषध गाऊटच्या रुग्णांना देऊन न्यूझीलंडमध्ये चाचणी घेण्यात आली, पण खड्ड्यांवर त्याचा उपयोग झाला नाही. याउलट रक्तातील युरिक ॲसिड दीर्घकाळ खाली ठेवले, तर स्फटिक विरघळतात, झीज मंदावते आणि काही रुग्णांत खड्डे काही अंशी भरूनही येतात. हाड वाचविण्याचा मार्ग येथे हाडाच्या औषधातून नव्हे, तर युरिक ॲसिडच्या नियंत्रणातून जातो.

हाडांची ठिसूळता आणि गाऊट

सांध्याजवळ खड्डा पडणे आणि संपूर्ण सांगाडा विरळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला आपण हाडांची ठिसूळता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. गाऊटमुळे संपूर्ण सांगाडाही ठिसूळ होतो का? याचे उत्तर सरळ नाही. युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांच्या हाडांची घनता काहीशी जास्त आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्यावरून युरिक ॲसिड हाडांचे रक्षण करते, असाही तर्क मांडला गेला. पण आनुवंशिक घटकांच्या आधारे केलेल्या अभ्यासांतून त्याला पुष्टी मिळाली नाही. गाऊटच्या रुग्णांत अस्थिभंगाचे प्रमाण वाढते का, याविषयीही निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा 'युरिक ॲसिड वाढले म्हणून हाडे ठिसूळ झाली' हे विधान जसे बरोबर नाही, तसे 'युरिक ॲसिड हाडांना चांगले' हेही बरोबर नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित आहे. गाऊट आणि हाडांची ठिसूळता या दोहोंना पोषक अशी परिस्थिती बरेचदा एकाच माणसात एकत्र येते. मूत्रपिंडे कमजोर झाली की युरिक ॲसिड बाहेर पडत नाही. आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूपही मूत्रपिंडांतच तयार होत असल्यामुळे हाडांनाही फटका बसतो. मद्यपानाने युरिक ॲसिड वाढते, हाडे घडविणाऱ्या पेशी मंदावतात आणि पडण्याचा धोकाही वाढतो. पंचशीलातील पाचव्या शीलाचे पालन करणाऱ्याला हा लाभ आपोआपच मिळतो. स्त्रियांच्या बाबतीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करते आणि हाडांचेही रक्षण करते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि दोन्ही कवचे एकाच वेळी गळून पडतात. म्हणूनच पन्नाशीपूर्वी स्त्रियांत सहसा न दिसणारा गाऊट नंतर दिसू लागतो. पाय दुखतो म्हणून चालणे थांबले, की स्नायू आणि हाडे दोन्ही आणखी दुबळी होतात, ही भर वेगळीच.

चुन्याचे स्फटिक

सांध्यात बसणारे सगळेच स्फटिक युरेटचे नसतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेट या द्रव्याचे स्फटिक कूर्चेत साठून जो दाह होतो, तो बाहेरून गाऊटसारखाच दिसतो. म्हणून १९६२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले तेव्हा त्याला 'आभासी गाऊट' अशा अर्थाचे नाव मिळाले. हा प्रामुख्याने साठीनंतरचा आजार आहे. तो अंगठ्यापेक्षा गुडघा आणि मनगट यांना अधिक पकडतो. क्ष-किरण चित्रात कूर्चेच्या जागी चुन्याची बारीक रेघ दिसते. मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया यांनंतर त्याचा झटका येऊ शकतो. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या आजीचा गुडघा दोन-चार दिवसांनी अचानक सुजला, तर डॉक्टर इतर कारणांबरोबर याचाही विचार करतात.

या आजाराचे नाव ऐकून पुष्कळ जण कॅल्शियम धास्तीने बंद करतात. ते चुकीचे आहे. हे स्फटिक दूध, नाचणी किंवा तीळ खाल्ल्यामुळे होत नाहीत. कूर्चेतील पेशींच्या रासायनिक घडामोडीतून ते तयार होतात. कॅल्शियम तोडल्याने स्फटिक कमी होत नाहीत, हाडे मात्र उपाशी राहतात.

या आजाराचा हाडांशी असलेला एक धागा डॉक्टरांनी शोधावा लागतो. मानेतील परावटू ग्रंथी अवाजवी काम करू लागल्या की हाडांतील कॅल्शियम ओढून रक्तात आणले जाते. त्यामुळे हाडे विरळ होतात आणि त्याच वेळी सांध्यात हे स्फटिक बनण्याची शक्यता वाढते. मॅग्नेशियमची कमतरता आणि शरीरात लोह साठण्याचा एक आनुवंशिक आजार हीदेखील याची कारणे आहेत. म्हणून साठीच्या आतच असे स्फटिक आढळले, तर रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि परावटू संप्रेरक यांची तपासणी करून घ्यावी. सांध्यावरून कधी कधी अशा रीतीने हाडांचा दडलेला आजार सापडतो.

वेदनेवरचा उपाय, हाडांवरचा अपाय

आपल्या समाजात गाऊटच्या रुग्णाच्या हाडांना सर्वांत मोठा धोका कोठून येतो, असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही गाऊटपेक्षा त्या लहानशा पुडीकडे बोट दाखवू. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला चार दिवस घरी पडून राहणे परवडत नाही. तासाभरात उभे करणारी गोळी त्याला हवी असते आणि ती सहज मिळतेही. अशा पुडीत बहुधा प्रेड्निसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांसारखे स्टेरॉइड आणि जोडीला एखादे वेदनाशामक असते. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णाला गाऊटच्या झटक्यात डॉक्टर पाच-सात दिवस ते देतात, तेव्हा तो योग्य उपचार असतो. घात होतो तो महिनोन्‌महिने घेण्याने. सतत घेतलेले स्टेरॉइड हाडे घडविणाऱ्या पेशींना थोपविते, आतड्यांतून होणारे कॅल्शियमचे शोषण कमी करते आणि पहिल्या काही महिन्यांतच हाडांची घनता झपाट्याने घटविते. शिवाय ते रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढविते. पाठीचा मणका नुसत्या वाकण्याने दबला जाणे, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा निकामी होणे, असे परिणाम त्यातून उद्भवतात. आणि एवढे होऊनही युरेटचे स्फटिक जागच्या जागीच असतात, कारण स्टेरॉइडने दाह शमतो, युरिक ॲसिड उतरत नाही.

डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचेही तसेच आहे. थोडे दिवस, वैद्यकीय सल्ल्याने घेतल्यास ती उपयुक्त आहेत. वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होते आणि युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचा मुख्य मार्गच अरुंद होतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जे बरेच दिवस स्टेरॉइड घेत आले आहेत, त्यांनी हा लेख वाचून ते एकदम बंद करू नये. शरीर त्यावर विसंबलेले असते आणि अचानक थांबविणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांकडे जाऊन गोळीचे नाव सांगावे, नाव ठाऊक नसेल तर गोळी दाखवावी, आणि त्यांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी.

काय सोडावे, काय सोडू नये

गाऊटचे निदान झाले की घरात पथ्याची लांबलचक यादी येते. डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, दही बंद, कोणी सांगितले म्हणून दूधही बंद. या यादीने युरिक ॲसिड फारसे उतरत नाही, मात्र ताटातून प्रथिने आणि कॅल्शियम नाहीसे होतात.

अमेरिकेत सुमारे ४७,००० पुरुषांच्या आहाराचा १२ वर्षे मागोवा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक ठरला. मांस आणि मासे यांचे प्रमाण वाढते तसा गाऊटचा धोका वाढतो, हे त्यात दिसले. कडधान्ये, पालक, फुलकोबी, अळिंबी यांसारख्या प्यूरिनयुक्त वनस्पतिज पदार्थांनी मात्र धोका वाढला नाही. दूध आणि विशेषतः कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत तर तो कमी आढळला. म्हणजे जे दूध हाडांना हवे, तेच गाऊटमध्येही हितकर आहे.

आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे, तर तूर, मूग, मटकी यांची वाटीभर आमटी किंवा उसळ रोज खुशाल घ्यावी. ताक, दही, दूध घ्यावे. कलेजी, वजडी, भेजा यांसारखे अवयव आणि सुकट, जवळा, बोंबील यांसारखी सुकी मासळी यांत प्यूरिन भरपूर असते. त्यांतही सुकट आणि जवळा अख्खे खाल्ले जात असल्यामुळे त्यांतून कॅल्शियम चांगले मिळते आणि इतरांसाठी ते उत्तम अन्न आहे. गाऊटच्या रुग्णाने मात्र ते क्वचित आणि थोडे खावे व कॅल्शियमसाठी दुसरे मार्ग धरावेत. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, तर पेलाभर दुधात सव्वादोनशे ते अडीचशे. तिळाची चटणी, राजगिरा, शेवग्याचा पाला हेही चांगले स्रोत आहेत. बिअर आणि इतर मद्य पूर्ण टाळावे. साखरेची शीतपेये हीदेखील युरिक ॲसिड वाढवितात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कडक उपास आणि वजन एकदम उतरविण्याचे प्रयोग गाऊटच्या रुग्णाने करू नयेत. उपाशीपोटी शरीरात तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडांतील युरिक ॲसिडची वाट अडवितात आणि झटका ओढवतो. वजन हळूहळू उतरवावे. भरपूर पाणी प्यावे. अतिखाणे आणि उपासमार ही दोन्ही टोके येथे सारखीच घातक आहेत. मध्यम मार्गाचे महत्त्व शरीरही आपल्या परीने सांगत असते.

आहाराविषयी एवढे लिहूनही एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. न्यूझीलंडमधील माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील समाजांत गाऊटचे प्रमाण फार मोठे आहे. अनेक वर्षे त्यासाठी त्यांच्या खाण्यापिण्यालाच दोष दिला गेला. पुढील संशोधनात असे दिसले, की मूत्रपिंडांतून युरिक ॲसिड किती बाहेर पडावे हे ठरविणारी आनुवंशिक ठेवण हे त्यामागचे मोठे कारण आहे. माणसामाणसांतील युरिक ॲसिडच्या फरकात आहाराचा वाटा तुलनेने फार लहान असतो. आपल्याकडेही गाऊट झालेल्या माणसाकडे 'खाण्यापिण्याने ओढवून घेतले' अशा नजरेने पाहिले जाते. मग तो लाजेने डॉक्टरांकडे जात नाही, स्वतःच पथ्य कडक करीत राहतो आणि आकडा न उतरल्यामुळे स्वतःलाच बोल लावतो. अशा माणसाला दोष नव्हे, औषध हवे असते.

उपचाराची दिशा

गाऊटच्या उपचाराचे दोन भाग आहेत. पहिला, झटका शमविणे. त्यासाठी कोल्चिसिन, वेदनाशामके किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइड यांपैकी रुग्णाच्या प्रकृतीला मानवेल ते डॉक्टर निवडतात. कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावी या वनस्पतीतही असते. परंतु तिचा कंद अत्यंत विषारी असल्यामुळे तो घरगुती औषध म्हणून चुकूनही पोटात घेऊ नये.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. झटके वारंवार येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा हाडात खड्डे दिसले असतील, तर युरिक ॲसिड कायमचे ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे लागते. गाठी असणाऱ्यांत ते ५ च्या खाली नेण्याचा सल्ला दिला जातो. यासाठी ॲलोप्युरिनॉल हे मुख्य औषध आहे. ते विकसित करणाऱ्या संशोधनात सहभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय आहे. औषध लहान मात्रेने सुरू करून तपासणीनुसार वाढवितात. सुरुवातीच्या महिन्यांत साठलेले स्फटिक विरघळू लागतात आणि त्यामुळेच झटके येऊ शकतात. 'औषधाने उलट वाढले' असे समजून बरेच जण ते नेमके या वेळी सोडतात. ते सोडू नये. या काळासाठी डॉक्टर जोडीला कोल्चिसिन देतात. मात्र ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.

सांधा लाल होऊन सुजला आणि सोबत ताप व थंडी असेल, तर तो जंतुसंसर्गही असू शकतो. अशा वेळी गाऊट समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ज्यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे, ज्यांची पाळी लवकर गेली, ज्यांची उंची कमी झाली आहे किंवा किरकोळ पडण्याने ज्यांचे हाड मोडले आहे, त्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. झटका ओसरला की चालणे पुन्हा सुरू करावे, अंगावर ऊन घ्यावे आणि ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांशी बोलावे.

हाडांची पुंजी

शेवटी शाळेशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. माणसाच्या हाडांची घनता विशी ओलांडल्यावर, तिशीच्या सुमारास शिखर गाठते. या पुंजीतील फार मोठा भाग अठरा-वीस वर्षांपर्यंत, म्हणजे मुले शाळेत आणि वसतिगृहात असतानाच जमा होतो. नंतरच्या आयुष्यात आपण ती पुंजी राखू शकतो, तिची झीज मंद करू शकतो, पण फारशी वाढवू शकत नाही. सायंकाळचे मैदान, कवायत, दुपारचे ऊन, भोजनगृहातील वाटीभर उसळ, नाचणीची भाकरी आणि पेलाभर दूध यांतूनच ती पुंजी घडते. संस्थेला देणगी देताना माजी विद्यार्थी वर्गखोल्या आणि संगणक यांचा विचार करतात, तो योग्यच आहे. भोजनगृहातील दूध आणि नाचणी यांसाठीही काही वाटा राखून ठेवावा, असे आम्ही या निमित्ताने सुचवितो.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच आहे. घरात कोणाला असा ठणका लागून गेला असेल, तर तो थांबला म्हणून विषय संपवू नका. दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासून घ्या, औषध लागणार असेल तर ते नेमाने घ्या, बेनावाची पुडी घरात येऊ देऊ नका आणि ताटातली डाळ व पेल्यातले दूध कोणाच्या सांगण्यावरून काढून टाकू नका.